पारूबाईला कुणी उचलायचं

आमच्या गल्लीत बाई वारली की पहिला सांगावा आमच्या आईला यायचा. पाव्हण्यांना नंतर. आई हातातलं काम टाकायची, जुनेर नेसायची, पदर खोचायची आणि चालू लागायची. गेलेल्या बाईला शेवटची आंघोळ घालायची ती पारूबाईनं, हे कुणी ठरवलं नव्हतं, पण कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या त्या बोळात ते ठरल्यासारखंच होतं. तिला किळस नव्हती. मेलेल्या बाईशी बोलत बोलत ती तिचे केस धुवायची. "मान कर गं जरा हिकडं," म्हणायची. घरी येऊन स्वतः डोक्यावरून पाणी घ्यायची, चहा मागायची आणि चहा पिताना हमखास म्हणायची, "माझ्या येळंला गल्लीतल्याच बायकांनी न्हाऊ घालाय पायजे. आनि उचलायचं बी गल्लीतल्याच पोरांनी. गाडीबिडीतनं न्हेऊ नका मला."

आयुष्यभर तिनं एवढंच मागितलं. मुलगा दिल्लीत जाऊन बसला तरी तिची मागणी वाढली नाही.

तो मुलगा म्हणजे माझा थोरला भाऊ, प्रसेनजीत. धर्मांतरानंतर दुसऱ्या वर्षी जन्मला म्हणून वडिलांनी हौसेनं बुद्धाच्या काळातल्या राजाचं नाव ठेवलं. मी संघप्रिया, त्याच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. नवऱ्याचं घर सोडून आले आणि आईजवळ राहून ब्लाउज शिवायला लागले. नवऱ्याचं प्रकरण इथं सांगत नाही, तो निराळाच तमाशा आहे.

वडील उचगावच्या वाटेवरच्या सरकारी गिरणीत होते. गल्लीतली निम्मी माणसं तिथंच. शेजारच्या अमीरबीचा नवरा मौलाली तिथं, दादाचा वर्गमित्र आकाराम तिथं. वडील गेले तेव्हा दादा कॉलेजात होता. गिरणीतल्या माणसांनी त्याला शिकवलं, पगाराच्या दिवशी आकाराम फाटकाशी टोपी घेऊन उभा राहायचा. हे आईनं आम्हाला कधी विसरू दिलं नाही. दादा आधी पुण्याला गेला, मग शिष्यवृत्तीवर विलायतेला, आणि तिथून परत आला तो थेट दिल्लीला. अर्थशास्त्रात त्याचं नाव झालं. अर्थशास्त्र म्हणजे काय हे गल्लीत कुणालाच धड माहीत नव्हतं. आई सगळ्यांना सांगायची, "सरकारला हिसाब शिकवतोय त्यो."

त्र्याण्णव साली बातमी आली की देशातल्या आजारी सरकारी गिरण्यांचं काय करायचं हे ठरवायला जी समिती नेमली होती, तिचा अहवाल दादानं लिहिला आणि सरकारनं तो जसाच्या तसा मान्य केला. पेपरात फोटो आला. गल्ली वेडी झाली. आपल्या पोरानं गिरण्यांवर पुस्तक लिहिलं आणि ते दिल्लीनं मान्य केलं म्हणजे आपली गिरणी आता कुणाच्या बापाला हलत नाही, असा हिशोब सगळ्यांनी बसल्या जागी करून टाकला. ते पुस्तक उघडून बघावं असं कुणाला वाटलं नाही. उघडलं असतं तरी ते इंग्रजीत होतं, आणि तेही असलं इंग्रजी की गल्लीतल्या मास्तरांनी मुखपृष्ठ वाचूनच बाजूला ठेवलं. आपल्याच पोराच्या लिहिण्यावर संशय घ्यायचा, हे कुणाच्या डोक्यातही येणं शक्य नव्हतं.

दादा जयंतीला कोल्हापूरला आला तेव्हा त्या अहवालाची मिरवणूक काढली. मी खोटं सांगत नाही. पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं ते जाड पुस्तक आकारामनं डोक्यावर घेतलं होतं. निळा गुलाल, लेझीम, बँड. बिंदू चौकातून मिरवणूक फिरून आली तेव्हा आईनं त्या पुस्तकाला हार घातला आणि तान्ह्या बाळाला घ्यावं तसं छातीशी घेतलं. दादाला जीपमध्ये उभं केलं होतं, डोक्याला कोल्हापुरी फेटा. विहारासमोर त्याला बोलायला लावलं. तो म्हणाला, "यात जे लिहिलंय ते शेवटी तुमच्या भल्याचं आहे." टाळ्यांनी गल्ली दणाणून गेली.

त्या अहवालात लिहिलं होतं की कायम तोट्यात चालणाऱ्या अमुक गिरण्या टप्प्याटप्प्यानं बंद कराव्यात. त्या यादीत आमची गिरणी होती. दादाला हे ठाऊक होतं, लिहिणाराच तो. ज्या माणसानं डोक्यावर पुस्तक घेतलं होतं त्याचीच भाकरी त्या पुस्तकात काढून घेतली होती, आणि जीपमध्ये उभा राहून दादा हे बघत होता. पुष्कळ वर्षांनी मी त्याला विचारलं की त्या दिवशी तुला तोंड नव्हतं का. तो म्हणाला, "एवढ्या आनंदात कसं सांगणार होतो?" विद्वान माणूस. मला त्याचा इतका राग आला की मी शिवणाची कात्री खाली ठेवली आणि आत निघून गेले.

पुढं त्याची गाडी सुसाट सुटली. पक्षानं आधी सल्लागार म्हणून घेतला, मग राज्यसभेत नेला. नव्व्याण्णवला मंत्री झाला. टीव्हीवर तो बोलायला लागला की भलेभले गप्प बसायचे, कारण त्याच्याकडे आकडे असायचे आणि ते कधी चुकायचे नाहीत. आई जमिनीवर पाय पसरून ते बघायची. एक अक्षर कळायचं नाही. "वाळलाय," एवढंच म्हणायची.

सन दोन हजारच्या उन्हाळ्यात गिरणीला टाळं लागलं. तोवर नाही नाही म्हणत माणसं थांबली होती. आधी स्वखुशीनं सोडून जायची सवलत आली, तेव्हा दुसऱ्या पेठांतल्या कामगारांनी ती घेतली आणि कुणी रिक्षा घेतली, कुणी टपरी टाकली. आमच्या गल्लीतल्या एकानंही घेतली नाही. आकाराम घरोघर सांगत फिरला, "प्रसेन बसलाय की तितं. त्यो आपली गिरणी बंद हुं दील व्हय?" म्हणून टाळं लागलं तेव्हा आमच्या गल्लीच्या हाती सगळ्यात कमी आलं. मग युनियनच्या एका वकिलानं तो जुना अहवाल आणून मराठीत वाचून दाखवला. विहारात, सगळ्यांसमोर. शेवटी लिहिणाऱ्याचं नाव वाचलं.

त्या संध्याकाळी गल्लीत कुणी आरडाओरड केली नाही. कुणी आमच्या दारावर दगड मारला असता तर बरं झालं असतं असं मला वाटतं. मौलाली दारासमोरून गेला, आईनं हाक मारली, त्यानं ऐकलं नाही. एवढंच.

पुढच्या वर्षी आकारामची आई तानाबाई वारली. तानाबाई आणि आमची आई तरुणपणी वीटभट्टीवर एकत्र होत्या, एकीचं पोर दुसरीनं पाजलेलं. यावेळी सांगावा आला नाही. रडणं ऐकून आईनं आपणहून जुनेर नेसलं आणि निघाली. मी मागोमाग गेले. आकारामची बायको चिमणाबाई दारात उभी होती. ती बाजूला झाली नाही.

"मावशी, तुमी नगा," ती म्हणाली.

"आगं, मी न्हाय तर कोण घालनार तिला?"

"आमी घालतो कसंबी. तुमी नगा."

आईनं तिच्या खांद्यावरून आत बघितलं. आकाराम भिंतीला टेकून बसला होता. त्यानं मान वर केली नाही. आई तशीच थांबली, मग खोचलेला पदर सोडला आणि परत फिरली. घरी येऊन तिनं डोक्यावरून पाणी घेतलं, जशी आंघोळ घालून आल्यावर घ्यायची तसंच. मी चहा केला. तो तिनं घेतला नाही.

त्यानंतर गल्लीत आणखी बायका वारल्या. प्रत्येक वेळी आई जुनेर नेसून उंबऱ्यात बसायची. कुणी बोलावलं नाही. मी सांगायची, "आत ये, कशाला तमाशा." ती म्हणायची, "कुन्या पोरीनं आयत्या येळंला हाक मारली तर लुगडं बदलाय येळ जाईल." माझ्याकडं ब्लाउज टाकणाऱ्या बायकाही कमी झाल्या. त्याचं मला एवढं वाटलं नाही, बाहेरचं गिऱ्हाईक मिळतं. पण आई उंबऱ्यात बसलेली बघवायची नाही. आणि आता ती चहा पिताना ते नेहमीचं वाक्य म्हणायची नाही. एकदाच, माझ्याकडं न बघता म्हणाली, "संघे, मला कोण उचलंल गं?"

मी दादाला फोन केला. झाडून सगळं सांगितलं. तो आला, हे मी कबूल करते. मंत्र्यांना वेळ नसतो, तरी आला. आई त्याला जेवायला वाढून म्हणाली, "आकारामच्या उंबऱ्याला जाऊन बस. चूक झाली म्हन नगंस, तुला तसं वाटत नसंल तर. पन तोंडावर सांग. तू त्या दिवशी सांगितलं न्हाईस."

"आई, आकडे बरोबरच होते. ती गिरणी चालणारच नव्हती."

"आसतील. जाऊन बस."

दादा उठला. हात धुतले, चपला घातल्या. खरंच निघाला होता तो. पण मंत्री कुणाच्या घरी जाणार म्हटल्यावर आधी पोलीस जातात. दोन हवालदार आणि एक कुत्रं आकारामच्या घरात शिरलं. त्यांनी चूल बघितली, पेटी उघडायला लावली, चिमणाबाईच्या अंथरुणाखाली काठी घालून बघितली. काय चाललंय हे कुणी घरातल्यांना सांगितलं नाही. दादा बोळाच्या तोंडाशी पोचेपर्यंत आकारामनं आतून कडी लावून घेतली होती. साहेबाच्या माणसानं दार वाजवलं आणि परत येऊन दादाला सांगितलं, घरी कुणी नाही. घरी कुणी नाही, म्हणे. दादानं जरा वेळ त्या दाराकडं बघितलं. मग घड्याळ बघितलं आणि गाडीत बसला.

पुन्हा तो गल्लीत आला तो आई गेल्यावरच.

दोन हजार चारच्या हिवाळ्यात, सकाळी, मी पाणी तापवून आणेपर्यंत ती गेली. ताप होता चार दिवस, जास्त काही नव्हतं. दादा तेव्हा पक्षाचा राष्ट्रीय अध्यक्ष झालेला. मी दिल्लीला कळवलं आणि मग आमच्या रीतीप्रमाणं घरोघर सांगायला निघाले. लोक दारं उघडत होते, ऐकत होते. एक-दोन बायकांच्या डोळ्याला पाणी आलं. येतो म्हणून कुणी म्हणालं नाही. शेवटी आकारामकडं गेले. तो आता एका गोदामावर राखणदार होता, नुकताच पाळी संपवून आला होता.

"पारूबाई गेली व्हय," तो म्हणाला. 

"येतायसा न्हवं?" मी विचारलं.

"त्यो येनार हाय?"

"पोरगाच हाय तिचा. येनारच की."

"हे बघ संघप्रिया," आकाराम म्हणाला, "त्यो यायच्या आदी उचलत आसशील तर आत्ता येतो. सगळी गल्ली आनतो. बायका न्हाऊ घालतील, पोरं खांदा देतील, तुझ्या आईचं एक काय कमी पडू देनार न्हाय. पन त्यो आला, त्याच्या गाड्या आल्या, पोलीस आलं, तर आमच्यातला एकबी दाराभाईर येनार न्हाय. त्याच्यासंगं तिरडी धरनार न्हाय आमी. तू ठरीव."

मी पळतच घरी आले. वाटेत मी ठरवलं होतं. आईनं काय मागितलं होतं ते मला पाठ होतं. पण दारात मांडव पडायला सुरुवात झाली होती. पक्षाचा शहराध्यक्ष गुंडू पाटील खुर्च्या उतरवून घेत होता, कोपऱ्यावर पोलिसांची गाडी लागली होती, बर्फाची लादी आलेली होती. मी गुंडूला म्हटलं, "आत्ता उचलायचं. गल्लीतली मानसं येत्यात."

"ताई, आसं कसं म्हनता? सायेब इमानात बसाय निघाल्यात. चारपातूर हितं. शोकसभेचं लाऊडस्पीकर सांगितलंय."

"माझी आई हाय ती."

"आमची बी हाय की," गुंडू हात जोडून म्हणाला. त्याला काही बोलून उपयोग नव्हता.

मी दादालाच फोन लावला. तो विमानतळाच्या वाटेवर होता. मी म्हटलं, "दादा, तू येऊ नकोस. तू आला नाहीस तर गल्ली येईल. आईला त्यांनी उचलायला हवंय." पलीकडं गाडीचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, "संघप्रिया, ती माझीही आई आहे."

  मुलाला आईच्या मातीला येऊ नकोस असं दुसऱ्यांदा म्हणायला माझी जीभ रेटली नाही. मी फोन ठेवला आणि आकारामकडं, विचारायला आलेल्या त्याच्याच पोराबरोबर निरोप धाडला, की थांबायचं ठरलंय. पोरगं गेलं. हळूहळू एकेक दार लागत गेलं, ते मला आत बसून ऐकू येत होतं.

आईला आंघोळ घालायला मी एकटी होते. बाहेर पक्षाच्या महिला आघाडीच्या बायका आल्या होत्या, कडक साड्या नेसलेल्या, पण मी त्यांना आत घेतलं नाही. आईला उठवून बसवायचं तर एका माणसाचं काम नाही. मी तिला धरून तशीच बसले होते तेव्हा परसदारातून अमीरबी आली. तिच्या जमातीतल्या बायकांना तीच आंघोळ घालायची, तिला हे काम येत होतं. काही न बोलता तिनं बाह्या वर केल्या आणि आईची मान सावरली. दोघींनी मिळून सगळं केलं. पांढरं लुगडं नेसवलं. अमीरबीनं आईचे केस विंचरले, मग उठली.

"चाची, थांबा की," मी म्हटलं.

"तुज्या आईसाटी आलते. त्येच्यासाटी न्हाय," ती म्हणाली आणि आली तशी परसदारातून गेली. तिच्याही दाराची कडी लागलेली मी ऐकली.

चारला दादा आला. सोबत दोन मंत्री, कलेक्टर, पोलिसांचा ताफा. त्यानं आईचे पाय धरले आणि तो रडला. खोटं रडला असं मी म्हणणार नाही. फुलांनी सजवलेली गाडी उभी होती, पण दादानं ती परत पाठवली. आई गाडीतून जाणार नाही म्हणाला, खांद्यावरूनच जाईल. म्हणजे तेवढं त्याच्या लक्षात होतं. बोळाच्या बाहेर तोवर ट्रकच्या ट्रक माणसं येऊन उतरली होती. दादा पुढं लागला, बाकीचे खांदे गर्दीतल्यांनी दिले. पंचगंगेपर्यंत रस्ता पांढऱ्या टोप्यांनी भरला होता. मी मागून चालत होते. माझ्याशेजारी एक म्हातारा धापा टाकत होता. मी विचारलं, "पावणं, कुठलं तुमी?"

"आमी नेसरीचं. गुंडूरावानं गाडी लावलीती."

"कोन वारलंय म्हाईत हाय का?"

"सायबाचं कोनतरी," तो म्हणाला. जरा वेळानं त्यानं मला विचारलं, परत न्यायची गाडी कुठं थांबणार म्हणून.

पंचगंगेच्या स्मशानात त्रिशरण-पंचशील झालं, दादानं अग्नी दिला. मग आपल्याकडं होतात तशी भाषणं झाली. मंत्री बोलले, गुंडू बोलला. शेवटी दादा उठला. कधी नव्हे ते त्याच्या हातात आकडे नव्हते. तो म्हणाला, "माझ्या आईची एकच इच्छा होती. गल्लीच्या खांद्यावरून जायची. मला भीती होती की तुम्ही माझ्यावर रागावला असाल. पण आज तुम्ही सगळे आलात. माझ्या गल्लीनं मला माफ केलं."  तो हात जोडून उभा राहिला. गर्दीत कुणीतरी टाळी वाजवली. सभेला जाऊन जाऊन सवय लागलेली माणसं, सगळ्यांनीच वाजवली. पेटत्या सरणासमोर टाळ्यांचा कडकडाट झाला.

तो खाली येऊन माझ्याजवळ उभा राहिला. चेहरा ओला होता, पण पुष्कळ वर्षांत बघितला नव्हता इतका हलका दिसत होता. माझ्या मनात आलं, राहू दे. मग आईचा उंबरा डोळ्यापुढं आला, त्यात बसलेली ती, जुनेर नेसून तयार.

"बघितलंस किती माणसं आली?" दादा म्हणाला. "आकाराम कुठाय? त्याला भेटायचंय."

"दादा, ह्यातला एक बी आपल्या गल्लीतला न्हाय."

त्यानं गर्दीकडं बघितलं. एकेक तोंड बघत गेला. इतकी वर्षं दिल्लीत काढून त्याला गल्लीतली तोंडं ओळखू येत नव्हती, पण आता तो शोधत होता, तेव्हा नसलेली त्याला दिसायला लागली.

"मग ही एवढी माणसं कुणाची?"

"तुझी," मी म्हटलं. "आईची घरात कड्या लावून बसल्यात. तू यायच्या आधी उचललं असतं तर आली असती. मी थांबले, तू तिचा पोरगा म्हणून."

 गुंडू पाटील लगबगीनं आला आणि हात जोडून म्हणाला, "सायेब, अंधार पडायच्या आत विमान उडायला पायजे." दादा माझ्याकडं बघत उभा राहिला. मग तो वळला आणि गाडीकडं चालायला लागला, आणि नेसरीच्या माणसांनी दोन्ही बाजूंना सरकून त्याला वाट करून दिली.